तिसरी किल्ली

घर घेताना आमचे वकील घरचेच होऊन गेले होते. म्हणजे घर व्हायच्या आधीच. माझ्या बायकोला ते ताई म्हणत, त्या नात्याने मी भावोजी. फीचा विषय मी एकदा काढून पाहिला, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "भावोजी, घरच्या माणसांना कुणी बिल लावतं का?" आम्ही दोघंही शिकलेली माणसं. लगेच विश्वास ठेवला.

बायको मुळात भित्री. बँकेचं पत्र आलं, वकिलांना फोन. घर विकणारा फोन उचलेना, वकिलांना फोन. ते म्हणत, "घाबरू नका ताई, मी आहे ना." ताबा मिळाला त्या दिवशी विकणाऱ्याने तीन किल्ल्या दिल्या. दोन आम्ही ठेवल्या. तिसरी बायकोनेच वकिलांच्या हातात कोंबली. "असू दे तुमच्याकडे, अडीअडचणीला." ते नको नको म्हणत होते, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

मग बाथरूमची भिंत पाझरायला लागली. वकील चहाला आले होते तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, सगळं तपासलंय."

त्यांनी कप बशीत ठेवला. कपाचा कान बरोबर उजवीकडे येईल असा फिरवला. "कागद तपासले होते, ताई. भिंती नाही." आणि ते उठले.

पुढच्या आठवड्यात बिल आलं. त्यात ताई नव्हती, 'अशील क्रमांक दोन' होती. तिचे सगळे फोन होते. 'अशिलास धीर देणे' असं एक कलम होतं, तेही दरमहा. आमच्याकडे प्यायलेला चहा 'अशिलाच्या निवासस्थानी सल्लामसलत' या नावाने आला होता. बिल मान्य नाही, असं मी लेखी कळवलं. पत्र इतकं नम्र झालं की वाचणाऱ्याला ते आभाराचं वाटलं असतं. त्याला उत्तर आलं नाही. शिव्यांचं पत्र आलं असतं तर मी निवांत झोपलो असतो.

"अहो," बायको कपड्यांच्या घड्या करता करता थांबली. "त्यांच्याकडे आपली किल्ली आहे."

"कुलूप बदलून टाकू."

"नको. त्यांना कळेल."

"त्यांना कसं कळणार?"

तिने हवेतच किल्ली फिरवून दाखवली. कसं कळेल ते मग मलाही कळलं. कुलूप तसंच राहिलं.

त्यानंतर एकदा दोघं बाहेरून आलो, तर दारामागची पादत्राणं भिंतीला समांतर, जोडीने लावलेली.

"तू लावलीस?"

"मी? लग्नानंतर कधी लावल्येत?"

मीही लावली नव्हती. आमच्या घरात जोडे जिथे पायातून सुटतात तिथेच मुक्कामाला असतात. मी हसायचा प्रयत्न केला. मग वकिलांच्या त्या कपाचा कान आठवला. त्या दिवसापासून दाराला आतून खुर्ची लागली. माझी किल्लीही बायकोने काढून घेतली. "तुमचा भरवसा नाही. ही पण त्यांना देऊन याल."

शेवटी मीच त्यांच्या ऑफिसात गेलो. बिल निम्मं करायचं आणि किल्ली आणायची, एवढं ठरवून. जिन्यात हे वाक्य मी म्हणूनही पाहिलं होतं.

"या, भावोजी!" ते इतके मनापासून हसले की मी जिन्यातलं वाक्य विसरलो. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलाच्या कडेला लावून ठेवलं, तोंड स्वतःकडे. "बोला. अगदी मोकळेपणाने बोला."

मी मोकळेपणाने तीन वाक्यं बोललो. मधे मधे घड्याळाकडे बघत होतो. त्यांनी मान डोलावली, पेन घेतलं आणि चहाचं कलम खोडलं. "आपल्यात कसला आलाय चहाचा हिशोब!" बाकीच्या रकमेचा चेक मी तिथेच फाडून दिला. वर आभारही मानले.

"तेवढी किल्ली..."

"हो हो, विसरलोच." त्यांनी खालचा खण ओढला. आत किल्ल्याच किल्ल्या. एकीलाही चिठ्ठी नाही, दोरा नाही, पण सगळ्या एका दिशेला तोंड करून निजवलेल्या.

"यातली कुठली कुणाची ते कसं कळतं?"

"मला लक्षात राहतं." ते खुर्चीत मागे रेलले. "घ्या तुमची."

"माझी कुठली?"

"घर तुमचं, भावोजी. मी कसं सांगू?"

मी एक उचलली. तिच्या दात्यांचा आकार ओळखीचा वाटला. भ्यालेल्या माणसाला सगळंच ओळखीचं वाटतं.

घरी पोचलो. बेलवर ठेवलेलं बोट मागे घेतलं. म्हटलं, आधी किल्ली लावून खात्री करावी. ती आत गेली, पण फिरेना. मी जरा जोर केला, हिसडा दिला. काही उपयोग नाही. म्हणजे आमची अजून त्या खणातच होती, आणि माझ्या हातात भलत्याच कुणाच्या घराची. त्या घरातही दाराला खुर्ची लावून कुणी बसलं असेल का, असा विचार मनात आला. तेवढ्यात आमची खुर्ची करकरली आणि आतून बायकोचा दबका आवाज आला.

"हॅलो, वकीलसाहेब? दाराला कुणीतरी किल्ली लावतंय हो." मग जरा थांबून, "तुम्हीच का?"

मी आधी किल्ली ओढून बाहेर काढली.

"बरं," ती म्हणत होती. "हो... हो. नाही उघडत. बरं."

"अगं, मी आहे!"

खुर्ची सरकली. दार उघडलं. बायको पांढरीफटक, फोन अजून कानाशीच.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घाबरू नका ताई, भावोजी असतील. चुकीची किल्ली घेऊन गेलेत." तिने फोन खाली घेतला. "बरोबरची घेऊन स्वतः येतायत."

"चुकीची आहे हे माहीत होतं, तर तिथेच का नाही सांगितलं?"

"मी कशी विचारू? फोनची मिनिटं बिलात लागतात."

मी आत आलो. दार लावलं. खुर्चीला हात घातला आणि परत काढला. येणाऱ्याला ती आड आली असती. मग बूट काढले, खाली वाकलो आणि भिंतीला समांतर, जोडीने लावून ठेवले. शेजारी बायकोने तिच्या चपला लावल्या.