चालली ती नकलीच

मी एक डीव्हीडी बोलतेय, आणि तीही नकली. माझ्या अंगावर ना चित्र, ना कंपनीचं नाव. काळ्या मार्करने खरडलेली दोन अक्षरं तेवढी आहेत. चोरीचा माल म्हणा हवं तर. मी मान खाली घालणार नाही.

माझा जन्म बोलिव्हियातल्या ओरुरोच्या बाजारात, रेम्बेर्तोच्या टपरीत झाला. का झाला, तेही ऐका.

दूर मिठाच्या पठाराकाठी एक खेडं आहे. तिथे कधीकाळी परदेशी मंडळी सिनेमा काढायला आली. गावातल्या गुमेर्सिन्दोला त्यांनी बजावलं, उंच मानेच्या लामांचा तुझा कळप घेऊन कॅमेऱ्यासमोरून गुपचूप जायचं. पण गड्याला कॅमेऱ्यामागे उभी असलेली बायको दिसली आणि तो थेट तिच्याकडे बघून बोलला. मंडळींना ते इतकं आवडलं की त्यांनी तसंच ठेवलं. सिनेमा दाखवायला परत येतो म्हणाले, ते गेले ते गेलेच. गुमेर्सिन्दोही वाट बघून बघून वारला.

त्याची बायको सातुर्निना. नवरा एकदा हलता-बोलता पाहावा, एवढीच तिची इच्छा राहिली. मुलगी लिदिया स्पेनमध्ये घरकामाला. तिने तिथल्या दुकानातून अस्सल, चकचकीत डीव्हीडी विकत घेऊन आईला पाठवली. सातुर्निनाने शेजारणींना बोलावलं, सुकवलेले बटाटे उकडले, ठेवणीतली शाल पांघरली. आणि टीव्हीवर काय उमटलं? ही डीव्हीडी या देशात चालणार नाही.

"सिनेमा माझ्या अंगणात काढला आणि बघायची बंदी मलाच?" एवढंच ती बोलली. माझं तर अजून डोकं फिरतं. दाम मोजलेल्या गिऱ्हाइकालाच दाराबाहेर उभं करायचं, ही कुठली रीत?

दुसऱ्या दिवशी बस धरून ती रेम्बेर्तोकडे आली. त्याने अस्सल डीव्हीडीचं कुलूप तोडलं आणि मला घडवलं. बाई देवभोळी. ही चोरी तर नाही ना, असं तिने दोनदा विचारलं.

"मावशी, नवरा तुमचा, लामा तुमचे," रेम्बेर्तो म्हणाला. "चोरी कुणी केली ते तुम्हीच ठरवा."

घरी गेल्या गेल्या तिने मला लावलं, आणि मी चालले. गुमेर्सिन्दो आला, टोपी तिरकी, गालात कोकाची पानं. वळून म्हणाला, "अगं, वारा सुटलाय. कळप आत घे."

"घेतला हो," सातुर्निना म्हणाली.

आता माझ्या अंगावर चरे पडलेत. नायक-नायिकेचं लग्न मी गाळून टाकते, सिनेमाचा शेवटही धड सांगत नाही. पण गुमेर्सिन्दोपाशी मी कधी अडखळले नाही, अडखळणारही नाही. मला जप्त करायला यायचं तर खुशाल या. फक्त आधी सातुर्निनाशेजारी बसा, तो येईपर्यंत थांबा, आणि मग तिच्या तोंडावर सांगा, या माणसाला या घरात यायची परवानगी नाही म्हणून.