जखमेवरचं बोट

भुवई फुटलेल्या बॉक्सरचं रक्त माझी ताई मिनिटभरात थांबवते. मेहुणे खेळायचे तेव्हापासून तिचं हेच काम. औषधात बुडवलेला कापूस जखमेत धरायचा, वरून बोट दाबायचं आणि घंटा होईपर्यंत उचलायचं नाही. मध्येच कुणी उचलून बघितलं की खेकसायची, "भाजी शिजली का बघतोयस काय रे?"

तिच्या धाकट्याची लढत होती त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिचा थोरला आला. हा दिवटा एका शेठच्या गाड्या चालवतो. गाड्यांत काय असतं ते आम्ही विचारत नाही. तोंड पांढरंफटक.

"आई, धाकट्याला आज हरायला सांग. शेठला शब्द देऊन बसलोय मी. हा जिंकला तर मला जिवंत सोडणार नाहीत."

ताई धाकट्याच्या हाताला पट्टी गुंडाळत होती. "मला न विचारता?" धाकटा म्हणाला. "नाही दादा. मार खाईन, पण मुद्दाम पडणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटते का मेल्या? चालता हो!" म्हणून थोरल्याला हाकललं. ताईनं पट्टी नीट बसवली.

आणि काय खेळला हो पोरगा! समोरच्याला पळता भुई थोडी केली. पण शेवटच्या आधीच्या फेरीत समोरच्याचा एक ठोसा बसला आणि धाकट्याची भुवई फुटली. कोपऱ्यात येऊन बसला तो हसतच. "आई, एवढं थांबव. एकच फेरी राहिलीय."

ताईनं बोट दाबलं. मी पाणी पाजत होतो. समोर पहिल्या रांगेत थोरला बसला होता. दोन्ही बाजूंना शेठची माणसं, त्यातल्या एकाचा हात त्याच्या मानेवर. ताईनं तिकडे पाहिलं आणि बोट उचललं. रक्त भळाभळा वाहायला लागलं. तिनं परत ठेवलं, परत उचललं.

"ताई, दाब!" मी ओरडलो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरलो.

डॉक्टरनं जखम बघून मान हलवली. लढत थांबली, धाकटा हरला.

खोलीत आलो तेव्हा मी नुसता धुमसत होतो. "अगं, पोटच्या पोराला..." एवढंच तोंडातून निघालं, तर धाकटा माझ्यावरच उसळला.

"मामा, आईला एक शब्द बोलायचा नाही! वय झालंय तिचं. हात ठरत नाही आता." मग तिच्यासमोर उकिडवा बसला, तिचा हात हातात घेतला. "आई, खूप केलंस. आता घरी बस. पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघू."

"हो रे राजा," ताई म्हणाली. "झालंच वय." तिनं औषधाची डबी माझ्या हातात दिली. मला रडूच फुटलं.

थोरला दारात उभा होता, धडधाकट. त्याचा गळा धरावासा वाटला, देवाशपथ.

"मामा," तो हळूच म्हणाला, "शेठ खूश आहे. पुढच्या लढतीलाही असंच हवंय त्याला."

ताईनं ते ऐकलं. पुढच्या लढतीला बोट उचलायला कोपऱ्यात ती नसणार होती.