सातव्या टेकची उलटी पाटी

मित्रांनो, तुम्ही सिनेमा पाहायला बसता तेव्हा माझा भाग कापून कधीच बाजूला टाकलेला असतो, म्हणून तुम्ही मला ओळखत नसाल. मी चित्रीकरणात वाजवतात ती जुनी लाकडी क्लॅपची पाटी आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, याची शंकाच आहे. आयुष्यभर मी एकच शब्द बोलत आले : टक!

स्टुडिओच्या सुताराने मला एका मोडक्या दरवाजाच्या लाकडातून घडवले. खाली काळी फळी आणि वर बिजागरीने जोडलेली पट्ट्यापट्ट्यांची दांडी. फळीवर खडूने टेकचा, म्हणजे तोच शॉट कितव्यांदा घेताहेत त्याचा आकडा लिहायचा, मला कॅमेऱ्यापुढे धरायचे आणि दांडी आपटायची. त्या टकवरून पुढे चित्र आणि आवाज जुळवतात. "मागच्या जन्मी लोकांनी हिला आपटून आपटून आवाज पक्का केलाय," असे सुतार म्हणायचा. आवाज टिपणारे काका कानाला हेडफोन लावून माझी टक ऐकत आणि मान डोलवत. काका फार थोडे आणि फार हळू बोलत. त्यांची डोललेली मान हेच माझे बक्षीस. मला माझ्या आवाजाचा गर्व झाला होता, हे कबूल करायला हवे.

आमच्या कामातली एक रीत आधीच सांगून ठेवते. शॉटमध्ये तान्हे बाळ किंवा मांजर असले, तर सुरुवातीला टक करत नाहीत, बिचारी दचकतात. शॉट संपला की मला उलटी धरून दांडी अलगद मिटतात. उलटी पाटी म्हणजे 'या शॉटची टक शेवटी आहे'. एवढे साधे.

मग तो गाण्यांचा सिनेमा आला. एका स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलीची गोष्ट होती. दिग्दर्शकांनी त्यासाठी खरोखरच स्वमग्न असलेली, बावीस वर्षांची गाणारी मुलगी निवडली. ती बोलायची कमी, पण दिवसभर एकच सूर गुणगुणत राहायची. म्हणून तिची आई तिला 'तंबोरी' म्हणायची. पेटीवाल्याने एकदा तिला हसत विचारले, "काय गं, सूर जरा चढवलास का?"

"पेटी उतरलीय," तंबोरी म्हणाली. त्याने तपासले. पेटीच उतरली होती.

पहिल्या शॉटला तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मला धरले आणि... टक! तंबोरी कान दाबून खाली बसली. दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्याला तिने कपाळ जमिनीवर आपटले. "सवय होईल हो," दिग्दर्शकांचा साहाय्यक तिच्या आईला म्हणाला, आणि पुन्हा टक. ज्या मुलीला मोठे आवाज सोसत नाहीत तिचीच गोष्ट सांगायला निघालेली ही माणसे! पटकथेच्या पानापानावर ते लिहिलेले होते. सहा टेक झाले. सहाही वेळा मीच तिच्या कानात ओरडले. मला दातखीळ बसावी, असे वाटत होते.

दिग्दर्शक वैतागून निर्मात्यांना फोन करायला बाहेर गेले. तेव्हा काका हळूच म्हणाले, "पाटी शेवटी लावू या का? मांजरासाठी करतो, तर माणसासाठी करायला काय हरकत आहे?"

कॅमेरामनने मान हलवली. फळीवर 'सात' लिहिला गेला. कोणी काही वाजवले नाही. तंबोरीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग ती गायली. पूर्ण गाणे, एका दमात. गाणे संपल्यावर मला उलटी धरून दांडी मिटली : टप. तिची आई तेव्हा बाहेर दिग्दर्शकांना विनवत उभी होती; तिने हे ऐकलेच नाही.

पण मित्रांनो, संकलनाच्या खोलीतल्या माणसाने सातव्या टेकची फक्त सुरुवात पाहिली. पाटी दिसली नाही, म्हणून त्याने तो रद्द मालात टाकला. दिग्दर्शकांनी सहाच टेक पाहिले.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "साहेब, सातवा बघा ना."

"सातवा नाहीच आहे, काका."

"आहे. पाटी शेवटी आहे, उलटी..."

"आता मोठ्या नायिकेशी बोलणं झालंय. जाऊ द्या." काकांनी पुढे तोंड उघडले नाही. मी तर काय, आपटल्याशिवाय मला तोंडच उघडता येत नाही.

नायिका आली. तंबोरीच्या तालमीची फीत पाहून तिने हात कसे हलवायचे, मान कशी वळवायची हे उचलले. आणि पहिल्याच टकला ती कपाळावर आठ्या घालून म्हणाली, "अहो, जरा हळू मारा ना. माझा मूड जातो." तासाभरात माझ्या दांडीला मखमलीची पट्टी चिकटवली गेली! माझा इतका संताप झाला की बिजागरी निखळावी. ही पट्टी तंबोरीच्या वेळी कुठे होती?

सिनेमा लागला आणि वाद पेटला. चित्रपटगृहासमोर माणसे फलक घेऊन उभी राहिली : खरी स्वमग्न मुलगी का घेतली नाही? दिग्दर्शकांनी टीव्हीवर शांतपणे सांगितले, "घेतली होती. फार प्रयत्न केले. तिला जमलं नाही."

तोवर काका निवृत्त झाले होते आणि मला घरी घेऊन आले होते. त्यांनी टीव्ही बंद केला. स्टुडिओत फोन करून विचारले, तर रद्द माल केव्हाच पुसून टाकलेला. पण आवाजाची प्रत काकांच्या कपाटात होती. दुसऱ्या दिवशी ती प्रत आणि मला घेऊन ते तंबोरीच्या घरी गेले.

त्या घरात आता गुणगुण नव्हती. "त्या दिवसापासून गात नाही," आई म्हणाली. "मीच हिला त्या गोंधळात नेलं. झेपणार नव्हतं, तर कशाला नेलं?"

काकांनी आवाजाची प्रत लावली. गाणे सुरू झाले. आई उभीच राहिली. गाणे संपले आणि शेवटी माझा आवाज आला : टप.

"सात," तंबोरी म्हणाली. "सातवा बरोबर होता."

"म्हणजे हिला जमलं होतं?" आईचा आवाज चिरकला. "वर्षभर तुम्ही सांगितलं नाहीत?"

"साहेबांना सांगितलं होतं, ताई. पण हळू. मी सगळंच हळू सांगतो." काका माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी नंतर दिग्दर्शकांना पत्र लिहिले. उत्तर आलेले नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, असे सांगायची रीत आहे. माझी मखमल झिजली तरी चालेल. पण कोणी सुरुवातीला गप्प राहिले, तर त्याला रद्द मालात टाकू नका. शेवटपर्यंत थांबा. आणि सातवा टेक आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर कृपा करून मोठ्याने सांगा. मला तेवढेच येत होते आणि ते मी नको तिथे केले.

सध्या मी तंबोरीच्या टेबलावर असते. ती अजून गात नाही. पण रोज सकाळी ती माझी दांडी उचलते, कानाशी नेते आणि अगदी सावकाश मिटते. मी आवाज करत नाही.