समोरच्या दुकानातली गर्दी

डॉक्टरांनी बायकोच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "आम्ही फक्त विकतो."

"हे तर चहासुद्धा मला विचारून पितात, डॉक्टर," बायको म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. तेव्हाच मला कळलं, ही आता वाचत नाही.

आमचं किराणा दुकान अरुंद आहे. काउंटरवर ती बसायची, मी आत माल लावायचो. सुटी सिगारेट घेणारे काडी मागायचे, म्हणून तिनेच एक लायटर दोरीने काउंटरला बांधला होता. गिऱ्हाईक वाकून पेटवायचं, पहिला धूर तिथेच सोडायचं आणि "काय वहिनी, आज गप्प गप्प?" म्हणत सिगारेट संपेपर्यंत उभं राहायचं. ती तोंड बाजूला करून हाताने वारा घालायची आणि उलट टोमणाही मारायची. तिला माणसं लागायची. खोकला आला की म्हणायची, "मिरचीची धूळ आहे हो."

ती गेल्यावर मी दुकान उघडलं आणि सिगारेटी, तंबाखूच्या पुड्या, सगळं खोक्यात भरून एजन्सीवाल्याला परत दिलं.

"शेठ, डोकं ठिकाणावर आहे ना?" तो म्हणाला. "उद्यापासून माश्या माराल."

"मारीन."

लायटर दोरीसकट कचऱ्यात टाकला. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, चांगलं केलंत. शाळेच्या बाईंनी तर वर्गात माझं नाव काढलं. मला थोडं बरं वाटायला लागलं. वाटलं, तिच्यासाठी काहीतरी झालं.

मग एका दुपारी साखर तोलताना मान वर केली. रस्त्यापलीकडे माझ्या मेव्हण्याचं वह्या-पेनांचं दुकान आहे. तो तिचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, म्हणून हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. आमच्या लग्नानंतर समोरचा गाळाही हिनेच त्याला बघून दिला, नजरेसमोर राहावा म्हणून. पूर्वी त्याच्याकडे सिगारेट कुणी मागत नसे, कारण सगळे आमच्याकडे यायचे. आता त्यानेही सिगारेटी ठेवल्या होत्या आणि ते सगळे तिथे ओढत उभे होते. आमचा टेलर, रंगारी, तीच माणसं. त्याच्या दुकानाला मागे खिडकीसुद्धा नाही. धाकटा स्टुलावर बसला होता आणि तोंड बाजूला करून हाताने वारा घालत होता. अगदी तिच्यासारखा.

माझ्या हातातलं माप तसंच राहिलं. मी धूर बंद केला नव्हता, फक्त रस्त्यापलीकडे ढकलला होता.

गर्दी पांगल्यावर मी तिकडे गेलो.

"धाकट्या, बंद कर हे."

"तुमचं बरंय भाऊजी. तुमचं तांदूळ-साखरेवर भागतं. शाळेला सुट्टी लागली की माझ्या वह्या कोण घेणार? तुम्ही?"

"तुझ्या ताईला काय झालं ते बघितलंस ना?"

"ताईचं मला नका सांगू." त्याचा आवाज चढला. "आणि यांना मी बोलावलं का? तुम्हीच पाठवलंत."

तेवढ्यात त्याला ढास लागली. बराच वेळ थांबेना.

"हा खोकला कधीपासून?"

"वह्यांची धूळ आहे हो."

मी त्याचा हात धरला. म्हणालो, "निदान त्यांना बाहेर उभं कर. दुकानात पेटवू देऊ नकोस."

"मग ते कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे जातील."

"जाऊ देत."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "का? तो कोपऱ्यावरचा कुणाचा भाऊ नाही का?"

मी परत येऊन काउंटरवर तिच्या जागी बसलो. वाटलं, माल पुन्हा आणावा. सगळे माझ्याकडे परत येतील. धूर मलाच येऊ दे. मी कुणासाठी जपायचं आता? पण तिच्या जागेवर बसून तेच विकायचं, हेही हातून होईना.

एजन्सीवाल्याला मी फोन केला नाही. धाकट्याला मी रोज म्हणतो, छातीचा फोटो काढून येऊ, मी सोबत येतो. तो म्हणतो, गिऱ्हाईक कमी होऊ दे, मग जाऊ. गिऱ्हाईक कमी होत नाही. फोटो अजून काढलेला नाही.