सतरा लाइक, एकोणीस प्रश्न

मी एक जुना मोबाइल आहे. काच तडकली, बॅटरी फुगली, म्हणून हल्ली मला कुणी चार्जिंगला लावत नाही. पण मित्रांनो, चार वर्षं मी एका आमदारांचा आवाज होतो.

तुंगभद्रेकाठच्या एका तालुक्यातून नागवेणी अक्का निवडून आल्या, तेव्हा मला विकत घेतलं. मी असायचो त्यांचा मदतनीस कोट्रेश याच्या खिशात. सणांच्या शुभेच्छा, रथोत्सव, लग्नं, उद्घाटनं, सगळं माझ्यावरून गावोगाव जायचं. "अक्का, नऊ हजार लाइक!" असं तो ओरडला की मलाही धन्य वाटायचं. सभागृहात मात्र मला कधी नेलं नाही. तिथे अक्का काय बोलतात, याचं मला फार कुतूहल होतं.

एका सकाळी हुलिकेरीच्या सिद्दम्मा टीचर कार्यालयात आल्या. त्यांच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात पिवळे, म्हाताऱ्यांचे पाय वाकलेले.

"वर्षभरातले तुमचे तीनशे बारा मेसेज वाचले मी," त्या कोट्रेशला म्हणाल्या. "पाण्यावर फक्त एक! आता बंगळूरला अक्का काय बोलतात तेही बघते. यंदा मत द्यायचं का नाही, ते गाव त्यावरच ठरवणार आहे."

कोट्रेशचा चेहरा उतरला. त्यालाही ठाऊक नव्हतं. मग दोघांनी सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदी माझ्यावरच उघडल्या आणि दुपारपर्यंत वाचत बसले. अक्कांनी एकतीस प्रश्न विचारले होते. त्यांतले एकोणीस फ्लोराइडच्या पाण्याचे! शुद्ध पाण्याचं एक अशासकीय विधेयकही, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने स्वतः आणलेलं, मांडलं होतं. ते चर्चेला न येताच पडून होतं.

तेवढ्यात अक्का आल्या. टीचरांनी विचारलं, "अक्का, एवढं केलंत आणि बोलला नाहीत?"

"पाण्याचं एकदा टाकलं होतं. सतरा लाइक आले," अक्का ओशाळून म्हणाल्या. "हा म्हणाला, लोकांना असलं नको असतं."

"लोकांना विचारलं कुणी? कळलं असतं तर गाव तुमच्या पाठीशी उभं राहिलं असतं. तुम्ही एकट्याच भांडलात, म्हणून मंत्री उत्तर देऊन मोकळे झाले!"

कोट्रेशने मान खाली घालून ते प्रश्न, उत्तरांसकट, माझ्यावरून सगळीकडे पाठवले. लाइक आले तेवीस. पण पुढच्या अधिवेशनाला हुलिकेरीची साठ माणसं प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसली. विधेयक चर्चेला आलं. मंजूर नाही झालं. गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र मात्र मिळालं.

मित्रांनो, माझ्यासारख्यावर विश्वास ठेवा, पण अर्धाच. तुमचे आमदार काय पाठवतात ते वाचता, तसं सभागृहात काय विचारतात तेही वाचा. ते कागद सगळ्यांना खुले असतात. मीसुद्धा ते केव्हाही दाखवू शकलो असतो. पण त्या सकाळपर्यंत मला कुणी तसं विचारलंच नव्हतं.