तीन हात दोरी

"तोंड तिकडं फिरव," जहूरचाचा म्हणाले.

मी फिरवलं. सात वर्षं हेच चाललंय. ओमानातल्या मत्रहच्या बंदरातून होडी बाहेर पडली आणि इंजिन मंद झालं की मी मोकळ्या समुद्राकडे बघत बसायचं. चाचा किनाऱ्याकडे बघणार, मनात काहीतरी जुळवणार, मग म्हणणार, "टाक नांगर." खाली खडक. खडकात हमूर मासा. ती जागा नेमकी कुठे, हे एकाच माणसाला माहीत.

"चाचा, आज शेवटचं. आज तरी बघू द्या."

"बायकोला नाय सांगितलं. तुला सांगू, निशांत?"

चाचा मूळचे रत्नागिरीचे. मत्रहच्या बाजारात एकतीस वर्षं दिशदाशा, म्हणजे इथल्या पुरुषांचे लांब झगे, शिवतायत. मी एसी दुरुस्त करतो, व्हिडिओ बघून बघून शिकलो. त्यांच्या दुकानातला एसी बंद पडला, तिथून ओळख. मग दर शुक्रवारी त्यांच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची होडी, एक दोरी, एक मी.

येत्या गुरुवारी ते कायमचे घरी चालले. व्हिसा संपला. अर्बाब म्हणाला, खलास जहूर, आता आराम कर.

आणि आज स्पर्धा होती. सर्वात मोठा हमूर कोणाचा. जेट्टीवरच्या क्लबात एक लाकडी फळा आहे, त्यावर दर वर्षी जिंकणाऱ्याचं नाव रंगवतात. चाचा दोनदा दुसरे आले. दुसऱ्या नंबरचं नाव रंगवत नाहीत. एकदा चहा पिताना म्हणाले होते, "एवढे कपडे शिवले, कुठं नाव टाकलं नाय. एकदा भिंतीवर पडू दे."

सकाळी निघताना गजेंद्र शेजारून गेला. बँकेत आहे, मदिनत सुलतान काबूसच्या श्रीमंत वस्तीत राहतो, माणूस चांगला. चार रॉड, पाण्याखालचे मासे दाखवणारा मोठा स्क्रीन.

"चाचा, अजून दोरीच? ह्याच्यात मासा हसताना पण दिसतो."

"हसतानाच बघ मग," चाचा म्हणाले.

यंदा नियम नवीन होता. ज्याच्या गळाला मासा लागेल त्यानेच वर काढायचा. जाळी दुसऱ्याने धरली तर चालेल, दोरीला दुसरा हात लागला तर मासा बाद. मोबाईलवर आलेलं हे मीच चाचांना दोनदा वाचून दाखवलं होतं.

दहापर्यंत दोन छोटे मिळाले, सोडून दिले. चाचांची दोरी पहिल्या बोटावरून पाण्यात गेलेली. शिंप्याचं बोट. त्याला खालचं सगळं कळतं.

पावणेअकराला ते म्हणाले, "लागला."

आता हमूर कसा असतो ते सांगतो. लागला की थेट बिळात घुसतो. आत जाऊन फुगला की संपलं, दोरी तुटते पण तो येत नाही. म्हणून सुरुवातीची दोरी झटक्यात आली पाहिजे. आमची पद्धत ठरलेली. चाचा पुढे ओढतात, मी मागून तीच दोरी धरून ओढतो. बोलायचं नसतं. सात वर्षांत कधी बोललो नाही.

मी ओढली.

चाचांनी मान वळवून बघितलं तेव्हा मला कळलं मी काय करतोय. सोडली. पण तोवर हमूर खडकापासून सुटला होता. पुढचं सगळं त्यांनी एकट्याने केलं. पंधरा मिनिटं. दोरीने बोट कापलं, रक्त पाण्यात, तरी ओढतच राहिले. शेवटी मी जाळी घातली. एवढा हमूर मी फक्त फोटोत बघितला होता.

जवळ कोणीच नव्हतं. गजेंद्रची होडी पार लांब.

"चाचा, कोणी बघितलं नाही."

"हं."

"दोन हात ओढली असेल फक्त."

"तीन," चाचा म्हणाले.

जेट्टीवर काट्याला लावला. तेरा किलो दोनशे. गजेंद्रचा नऊ. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वजन लिहायला सालिम बसला होता, म्हातारा ओमानी. अंगावरची दिशदाशा चाचांनीच शिवलेली. त्याने हिंदीत विचारलं, सगळ्यांनाच विचारत होता, "जहूरभाई, अकेले निकाला?"

मी चपलेकडे बघत राहिलो.

"नहीं," चाचा म्हणाले. "तीन हाथ इसने खींचा."

सालिमने पेन खाली ठेवलं. "मैंने नहीं सुना."

"सुना. लिख."

गजेंद्र पुढे आला. "अहो चाचा, सोडा ना. मला नको असं जिंकायला."

"नियम तुझ्या बापानं केला काय? गप उभा रव."

हसले सगळे. सालिमने लिहिलं.

होडीत परत आलो तेव्हा मला रडू येत होतं आणि रागही. माझ्यावरच. पण बोललो त्यांना. "कशाला सांगितलंत? तुम्ही तर इथे असणारच नाही तो फळा बघायला."

चाचा कापलेल्या बोटाला चिंधी गुंडाळत होते. "म्हणून तर. बाही चुकली तर गिऱ्हाईक परत येतं, मी उसवून देतो. तिकडं घरी बसून फळ्यावरचं नाव कसं उसवू?"

मी होडी बांधायच्या जागेकडे वळवत होतो. त्यांनी माझ्या हातातून सुकाणू घेतलं आणि उलटं फिरवलं, बाहेर.

"चाचा, जुम्याची नमाज?"

"वेळ हाय."

बरंच बाहेर आल्यावर इंजिन मंद झालं. मी सवयीने तोंड समुद्राकडे केलं.

"तिकडं काय बघतोस?" चाचा म्हणाले. "इकडं बघ."

मी वळलो. अख्खं मत्रह समोर, उन्हात.

"बुरूज दिसतो? त्याच्या मागं डोंगराला खाच हाय. ती बुरजाच्या उजव्या कडेला चिकटली पाहिजे. आता तिकडं. निळा घुमट, त्या पांढऱ्या भिंतीच्या टोकावर बसला पाहिजे. दोन्ही एकदम जुळलं की खाली खडक. म्हणून दाखव."

मी म्हटलं. बुरूज बरोबर आला, घुमटाला चुकलो.

"परत."

होडी वाऱ्याने थोडी सरकली आणि खाच बुरजापासून सुटली. चाचांनी इंजिन वाढवून पुन्हा आणली, जुळवली, आणि चिंधी बांधलेलं बोट किनाऱ्याकडे धरून ठेवलं.

"परत," ते म्हणाले.