पायदळी न येणारे पाणी

वैशाखातले नागपूर. आकाश म्हणजे पालथी घातलेली तांब्याची परात; तिच्याखाली रस्ते, गच्च्या, कडुनिंब आणि माणसे मुकाट भाजत पडलेली. वारा कसला, वाऱ्याचे भस्मच वाहत होते. छाया होती, शीतलता नव्हती. प्रकाश होता, दया नव्हती.

अशा त्या दग्धधवल दिवसांत, अकराव्या मजल्यावरच्या पडदे ओढलेल्या एका खोलीत, एक झाड कडेकडेने मरत होते.

कॅलाथिया त्याचे नाव. जन्म सदा पाऊस झरणाऱ्या अरण्यांच्या सावलीतला. मोरपिसासारखी चितारलेली पाने. वर पाचूची झळाळी, तळाशी द्राक्षासवाचा गडद जांभळा रंग. ऋताने ते सावंतवाडीहून आणले होते. आईचे दिवसकार्य आटोपून परतताना, मांडीवर, ओल्या फडक्यात गुंडाळून. आईच्या हातचे म्हणावे असे तिच्यापाशी एवढेच उरले होते.

आणि त्या पानांच्या कडा तपकिरी होत चालल्या होत्या. आधी टोक, मग कड, मग कडेकडून देठाकडे सरकणारी ती कोरडी, कुरकुरीत, निःशब्द आग.

ऋताने काय केले नाही? खिडकीपासून हलवले. कूलरच्या झोतातून बाजूला घेतले. गाळलेले पाणी घातले, कुंडीखाली ओले गोटे पसरले. करपलेल्या कडा कात्रीने अशा जपून कापल्या, की जणू तापाने फणफणलेल्या लेकराची नखे.

"कोकणातलं ते, इथे कसं टिकायचं?" सासूबाई पुस्तकातून मान वर न करता म्हणत. "नागपूरच्या उन्हाला मुळात हाडच वेगळं लागतं, बाई."

हे झाडाविषयी नव्हते, हे दोघींनाही नीट ऐकू आले.

"मी टिकलेय की, आई. चार उन्हाळे झाले," ऋता हसून म्हणे, आणि पुन्हा पानांवर पाणी फवारू लागे.

सासूबाई म्हणजे डॉ. कालिंदी उमाळकर, संस्कृत काव्यातल्या वृक्षवेलींवर आयुष्यभर व्याख्याने दिलेली विदुषी. लतेच्या कंपाने त्यांचा कंठ दाटून येई. पल्लवाच्या लालीवर त्या तासभर बोलत. कुठल्या झाडाची माती मात्र त्यांनी कधी बोटाने चाचपून पाहिली नव्हती. विद्वत्तेच्या महालात असे मखमली आंधळेपण फार सुखाने नांदते.

रोज सकाळी त्या देवांना पंचामृताने न्हाऊ घालत. दूध, दही, तूप, मध, साखर. वर हळदकुंकू, अक्षता. स्नानाचे ते पाणी पायदळी येऊ नये, म्हणून झाडाला घालायचे, अशी रीत. गॅलरीतली तुळस चैत्रातच जळून गेलेली. दुसरी होती ती खाली, इमारतीच्या फाटकापाशी. मग ऋता कामावर गेली, की त्या ताम्हन कॅलाथियाच्या कुंडीत कलंडत. देवाचे पाणी ते. त्याने कुणाचे वाईट कसे व्हावे?

पहिली कड करपली तेव्हा त्यांना शंका आली. कुंडीशी आंबूस वास आला तेव्हा शंका उरली नाही. तरीही ताम्हन कलंडतच राहिले. थांबणे म्हणजे चूक मान्य करणे, आणि मान्य करायची कुणापुढे, तर सुनेपुढे! त्यापेक्षा झाडाने मरणे सोयीचे होते.

रविवारी सांजावताना ऋताने कुंडी वर्तमानपत्रावर उपडी केली. माती कुठली, लगदा निघाला. मुळे काळी, बुळबुळीत, बोट लावताच सालीसकट निसटणारी. त्यांत दह्याचे पांढरे कण, कुंकवाची पुसट लाली, फुगलेले तांदूळ.

"अक्षता?" ऋता पुटपुटली.

पुस्तक मिटले.

"पूजेचं पाणी मीच घालत होते गं," कालिंदीबाई म्हणाल्या. "रोज."

ऋताने मुळांतून एक फुगलेला तांदूळ वेचून काढला. "आणि मी आपली समजत होते, प्रवासात माझ्याच हातून मुळं दुखावली. आईचं एवढं एक झाड, तेही मला सांभाळता आलं नाही." मग, आवाज तसूभरही न चढवता, तिने त्यांच्यापुढे सुटकेचे दार उघडले. "तुम्हांला ठाऊक नव्हतं ना, आई? नकळतच झालं असणार."

नकळत! किती स्निग्ध, किती सुलभ, किती शीतल शब्द. शास्त्रे या शब्दाशी मोठी उदार: अजाणता घडलेल्या पापाला हलके प्रायश्चित्त, जाणून केलेल्याला जड. ती सारी वचने कालिंदीबाईंना मुखोद्गत होती. त्यांतले एकही आता धावून येईना. एक होकार, की सारे मिटणार होते. ओठ होकाराच्या आकाराला आलेही.

"कळत होतं, ऋता," त्या म्हणाल्या. "वास आला तेव्हाच कळलं होतं."

झाड उचलून ऋता नळापाशी गेली आणि बारीक धारेखाली कुजका तंतू न् तंतू सोडवू लागली. कालिंदीबाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी धारेत हात घातले. ऋताने ते लोटले नाहीत. त्यांच्याकडे पाहिलेही नाही. अखेर उरले बोटभर पांढरे मूळ, आणि एक पान.

कोरड्या, नव्या मातीत ते लावले गेले. अंधारू लागले.

सांज झाली, की कॅलाथियाची पाने उभी राहतात. एकमेकांना भिडतात, हात जोडल्यासारखी. सावंतवाडीच्या ओसरीवर ती अशीच जुळत असतील, दाट, संथ, सायंप्रार्थनेसारखी. इथे ते एकटेच पान उठले. हळूहळू, देठावर थरथरत, जांभळा तळवा पुढे करून.

एका पानाचा नमस्कार होत नाही. काळवंडत्या खोलीत ते तसेच उभे राहिले; उगारल्यासारखे, अडवल्यासारखे, मागितल्यासारखे. आणि त्याच्यासमोर कालिंदीबाई. हात ओले, मान खाली.